क्लीनर गेला, आता ड्रायव्हर येणार कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रकला ड्रायव्हर मिळत नाहीत, ही वाहतूकदारांची तक्रार आपल्या अंकात वाचली. तुटपुंजा पगार, घरापासून लांब राहणं, रस्त्यावरचा त्रास, भारतीय न्याय संहितेतली, जीवघेणा अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची ती तरतूद जिच्यावरून २०२४ च्या जानेवारीत चाकं थांबली होती, अशी सगळी कारणं त्यात आली आहेत. ती खरीच आहेत. पण ड्रायव्हर पूर्वी तयार कुठे व्हायचा, हे कुणीच विचारलं नाही. तो व्हायचा ट्रकच्या डाव्या सीटवर, क्लीनर म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस म्हणून. ती सीट आता रिकामी धावते.

मी सिन्नरचा. १९८२ साली डाव्या बाजूने गाडीत चढलो. १९९० मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून जुनी टाटा १२१० घेतली, तेव्हापासून मालक म्हणवतो. पण स्टिअरिंग सोडलेलं नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, टाटाच्या गाडीच्या नावातच हिशेब असतो. १२१० म्हणजे एकूण वजन बारा टन आणि ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास, १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस, २५१५ म्हणजे पंचवीस टन आणि दीडशे. माल भरताना मात्र हा हिशेब कुणी वाचत नसे.

त्या १२१० ला दोन माणसं लागायचीच. इंजिनाचं झाकण केबिनमध्ये दोघांच्या मधोमध. उन्हाळ्यात त्याच्यावर ठेवलेली भाकरी गरम राहायची, आणि आपणही. पॉवर स्टिअरिंग नाही. आरसा तळहाताएवढा, त्यात डावी बाजू दिसायची ती देवाच्या कृपेने. म्हणून क्लीनरने दारातून अर्धं बाहेर लोंबकळून पत्र्यावर थापा मारायच्या. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. घाटात गाडी बंद पडली तर खाली उडी टाकून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, तोही गाडी मागे सरकायच्या आत. रेडिएटरला पाणी, निपलांना ग्रीस, ताडपत्री, रस्सी, फाळक्याच्या कड्या, रात्री स्टेपनी आणि डिझेलची राखण, सगळं त्याच्याकडे. मुंबईत शिरताना मुलुंडच्या जकात नाक्यावर कागद घेऊन खिडकीकडे पळायचं कामही त्याचंच.

आमचे उस्ताद, म्हणजे गाडीचे ड्रायव्हर, गाडी थांबली की पहिला हुकूम सोडायचे, “टायर वाजव.” मागे जोडचाकं असतात. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा वजन तोलून धरतो, बघून काही कळत नाही. म्हणून टॉमीने, म्हणजे टायर खोलायच्या लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरवर ठोका द्यायचा. भरलेला टायर टॉमीला उसळून परत पाठवतो आणि टणक वाजतो. बसलेला टायर ठोका गिळून टाकतो, नुसतं धप्प होतं. सहा टायर ठोकून एका मिनिटात सांगायचं. चुकलं तर उस्ताद स्वतः उतरायचे, आणि ते उतरणं परवडायचं नाही.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचंही तसंच. डिझेल फिल्टर बदललं किंवा टाकी कोरडी पडली की मायको कंपनीचा तो पंप हवा पकडायचा. स्टार्टर कितीही मारा, इंजिन उठत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि पंपाच्या कडेचं हातपंपाचं बटण अंगठ्याने दाबत राहायचं. आधी फेस येतो. फेसात बुडबुडे असेपर्यंत दाबायचं. डिझेलची सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, थांबून आवळलात तर हवा पुन्हा आत. त्यानंतर नोझलच्या पाइपांचे नट एकेक सैल करायचे आणि उस्तादांना ओरडायचं, “मारा.” माझ्या अंगठ्याचा घट्टा अजून गेलेला नाही. पण डिझेल टाकीतून नोझलपर्यंत कोणत्या वाटेने जातं, हे मला कोणत्याही पुस्तकाशिवाय तेव्हाच समजलं.

आणि मग रात्री दोन वाजता, घोटीच्या पुढे सपाट रस्त्यावर, उस्तादांना झोप अनावर व्हायची. “धर जरा.” कायद्यात हे बसत नव्हतं. परिवहन वाहनाचा परवाना वयाच्या वीस वर्षांआधी मिळत नाही, आणि मी तर अजून मिशीची वाट बघत होतो. तरी माझ्या पिढीतले बहुतेक ड्रायव्हर ‘धर जरा’ याच शाळेतून निघाले. त्याचं समर्थन मी करत नाही, झालं ते सांगतो आहे.

या शाळेचं कौतुक ऐकवणारेही पुष्कळ असतात, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की त्यांनी टपावर झोपून पाऊस घेऊन पाहावा. क्लीनरला पगार असा नसायचाच. जेवण आणि वर थोडा भत्ता. टॉमी फेकून मारणारे उस्ताद मी पाहिले आहेत. त्या काळात टायरला ट्यूब असायची आणि रिमवर लोखंडी रिंग. हवा भरताना ती रिंग उडाली तर समोरच्या माणसाचं काय होतं, हेही पाहिलं आहे, आणि समोर बसलेला बहुतेक वेळा क्लीनरच असायचा. म्हणून माझ्या गाडीवर पोरगं ठेवायची वेळ आली तेव्हा मी पहिली अट घातली ती टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा भरायची नाही ही.

१९९६ मध्ये नवी १६१२ घेतली. नवी म्हणजे नुसती चेसिस. पुढे काऊल म्हणजे इंजिनासमोरचा पत्रा, वर छप्पर नाही, बसायला लाकडी खोकं, आणि तशीच ती पुण्याहून सिन्नरला चालवत आणायची. डोळ्याला गॉगल, तोंडाला पंचा, शेजारच्या खोक्यावर क्लीनर काऊलला घट्ट धरून. नारायणगावच्या पुढे गारा पडल्या. केबिन आणि हौदा पुढे सुताराकडे महिनाभर बनत होता. आज गाडी तयार केबिनसह येते, आणि १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम-जड ट्रकांना तर एसी केबिन बंधनकारक आहे. चांगलं झालं. ज्यांना ही चैन वाटते त्यांनी मे महिन्यात त्या झाकणाजवळ मांडी टेकवायची होती.

२००७ मध्ये दहाचाकी २५१५ आली आणि क्लीनरची कामं एकेक करून गळू लागली. पॉवर स्टिअरिंग आलं, आरसे मोठे झाले, पुढे रेडियल टायर आले. १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर मुंबईची जकात गेली, नाक्यावरचं धावणं संपलं. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, आता टोलवर काचही खाली करावी लागत नाही. भाडी मात्र होती तिथेच रेंगाळली. दुसऱ्या माणसाचं जेवण त्यात बसेना. चांगल्या घरच्या पोरांनाही शिव्या आणि ग्रीस नकोसं झालं, आणि त्यांचं चूक नाही.

नियम तेवढा मागे राहिला. जड वाहनावर क्लीनर हवाच, नाही तर चलान, असं चालत होतं. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानविरोधात आंदोलन केलं, त्यात क्लीनरची सक्ती काढा ही मागणी होती. मीही त्यात होतो. नसलेल्या कामासाठी नसलेला माणूस आणायचा कुठून? त्या मागणीवर मी आजही ठाम आहे. पण मागणीचा दुसरा अर्धा भाग आम्ही मांडलाच नाही, असं मला वाटतं, आणि त्यासाठीच हे पत्र.

आताची माझी गाडी बीएस-६ आहे, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतली. २०२० च्या एप्रिलपासून दुसरी मिळतच नाही. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण आधीच्या बीएस-४ ला ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) होतं, ते आता १० वर आलं आहे. सायलेन्सरमध्ये बोट घालून पाहिलं तर काजळ लागत नाही. १२१० च्या वेळी रुमाल धुतला की मोरी काळी व्हायची, तेव्हा या गाडीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. एकूण वजन साडेअठ्ठावीस टन, म्हणजे जुनीच्या दुपटीहून जास्त, आणि ॲव्हरेज तिच्याइतकंच, लिटरला चारच्या आसपास. पण हिच्या पंपाला अंगठा लावता येत नाही. धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी वेगळी, तिचा सेन्सर वेगळा. युरियात भेसळ निघाली की गाडी आपोआप ताकद कमी करते आणि चढावर म्हशीसारखी बसते. लॅपटॉपवाला येईपर्यंत उठत नाही. धुराच्या फिल्टरचा दिवा लागला की बाजूला उभी करून रिजनरेशन करायचं, म्हणजे साठलेली काजळी जाळायची, तेही वाळलेल्या गवतावर नाही, कारण सायलेन्सर भट्टी होतो. हे सगळं नव्या मुलाला शिकवावं लागतं आणि शिकवायला शेजारी कुणी नसतं.

माझ्याकडे एक मुलगा ड्रायव्हर आहे. कष्टाळू, निर्व्यसनी, मोबाईलवर गाडीचं सगळं बघतो. परवाना रीतसर आहे. एक वर्ष हलक्या वाहनाचा, मग ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ म्हणजे शिकल्याचा दाखला, मग चाचणी. पहिल्या खेपेला मी डावीकडे बसलो. कांदा भरलेला, इगतपुरीला घाटनदेवीला हात जोडले आणि कसारा घाट उतरू लागलो. पोरगं पाचव्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. दोन वळणं झाली आणि ब्रेकच्या लायनरचा तो जळका वास आला. मला तो झोपेतही कळतो. त्याला कळला नाही, कारण काच बंद आणि एसी चालू. बाजूला घ्यायला लावली, ड्रम गार होऊ दिले. विचारलं, कोणत्या गिअरमध्ये उतरायचं ते शिकवलं नाही का? म्हणाला, “काका, स्कूलची गाडी रिकामी होती. मैदानात होती.” ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, काच खाली, नाक उघडं. ही गोष्ट उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, तेव्हा माझ्या हातात स्टिअरिंगही नव्हतं.

आणि आता तर घाट टाळताही येतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ निघते. मीही त्याच वाटेने जातो, टोल सोसला तर. पण आंबोली, करूळ, फोंडा, आंबेनळी इथे बोगदे नाहीत, आणि माल तिथेही जातो.

तेव्हा माझं म्हणणं असं. क्लीनरची सक्ती नको, पण डाव्या सीटवर शिकाऊ चालक बसवणाऱ्या मालकाला विम्याच्या हप्त्यात किंवा करात काही सूट द्या. त्याला लेखी नोंदवही द्या, त्याचा विमा काढा, ठरलेलं विद्यावेतन द्या. कारखान्यात फिटरला शिकाऊ म्हणून घेतात, त्यासाठी १९६१ पासून कायदा आहे. मग पंचवीस-तीस टनांची गाडी रात्री लोकांच्या शेजारून नेणाऱ्याला का नाही? असा मुलगा ठेवायला मी उद्या तयार आहे. एकट्या लहान मालकाला तो खर्च मदतीशिवाय झेपत नाही, एवढंच.

हे सरकारला जड वाटत असेल तर निदान एक गोष्ट करावी. जड वाहनाची चाचणी भरलेल्या गाडीवर घ्यावी. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या चाचण्या रिकाम्या गाडीवर झाल्या. रिकामा ट्रक ब्रेकवर पाय टेकला की थांबतो, भरलेला आधी विचार करतो. हौद्यात वाळूच्या गोण्या टाका, वजनकाट्याची पावती लावा, उमेदवाराला एक उतार उतरवा, मग शिक्का मारा. गाडी कुठून आणायची असा प्रश्न पडला, तर माझी गाडी रविवारी घरासमोर उभीच असते. वाळू आणि हमाल मात्र ज्याने-त्याने आपले आणावेत. त्याचा खर्च ट्रकमालकाच्या माथी मारायची या राज्यात फार जुनी सवय आहे.

आपला,
एक ट्रकमालक आणि चालक
सिन्नर, जि. नाशिक