गाठ सापडली, आता पुढे काय ते पण सांगा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गोव्यातल्या सरकारी दवाखान्यांत आता छातीचा एक्सरे काढला की तो कॉम्प्युटरकडून, म्हणजे ते एआय का काय त्याच्याकडून, तपासून घ्यायला सुरुवात झालीय आणि फुप्फुसात गाठ असल्यासारखं वाटलं तर तो तिथेच खूण करून दाखवतो. फार चांगलं काम आहे, मनापासून सांगते. पण मी स्वतः फुप्फुसातली गाठ घेऊन गेली काही वर्षं जगतेय आणि म्हणून मला विचारायचंय की गाठ सापडलेल्या माणसाचं पुढे काय? गाठ शोधणं हे एका दिवसाचं काम आहे, ती सांभाळणं हे वर्षानुवर्षांचं आहे आणि त्या सांभाळण्याची काही व्यवस्था आहे का नाही यावर त्या माणसाची झोप अवलंबून असते.

मी डिचोली तालुक्यातली, पतसंस्थेत नोकरी करते, वय 56. आयुष्यात विडी सिगरेट नाही, तंबाखू नाही. 2021 च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट गोव्यात नुसती पेटली होती तेव्हा, मला धाप लागायला लागली म्हणून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन केला. तेव्हा सगळे एकच विचारायचे, स्कोअर किती आला, म्हणजे कोविडने फुप्फुस किती धरलंय. स्कोअर कमी होता म्हणून घरात सगळे खूश, आणि रिपोर्टात अगदी खाली एक ओळ होती की उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 8 मिलीमीटरची ग्राउंड ग्लास, म्हणजे धुकट गाठ दिसतेय, शिवाय खाली एक 4 मिलीमीटरची कॅल्शियम धरलेली गाठ, फॉलोअप करावा. कधी करावा, कुठे, कोणाला दाखवावं, काही लिहिलेलं नाही. माझी पुतणी नर्स आहे, तिच्या नजरेला पडलं म्हणून बरं. त्या वर्षी गोव्यात किती जणांच्या फाइलीत अशी एखादी ओळ असेल आणि ती फाइल कपाटात वरती चढवून ठेवलेली असेल, याचा विचार आला की मला अजून अस्वस्थ होतं. ज्यांनी ज्यांनी तेव्हा सीटी केली त्यांनी कृपा करून तो रिपोर्ट काढून शेवटपर्यंत वाचा, नुसता स्कोअर बघू नका.

सहा महिन्यांनी परत स्कॅन झाला, कोविडचे डाग सगळे गेले होते पण ती ग्राउंड ग्लासवाली तिथेच. मग छातीच्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. 30 मिलीमीटरपर्यंत असेल तर तिला नोड्यूल म्हणतात, त्याच्या वर गेली तर मास. बहुतेक नोड्यूल साधे असतात, आपल्याकडे तर जुना टीबी कधी येऊन गेला ते माणसाला कळलेलंही नसतं आणि त्याची खूण मागे राहिलेली असते, माझी ती खालची कॅल्शियमवाली तशीच, तिच्याकडे आता कोणी बघतही नाही. घट्ट गाठ असेल आणि दोन वर्षं वाढली नाही तर साधारण सोडून देतात. पण ग्राउंड ग्लास म्हणजे धुकट, काचेवर वाफ धरल्यासारखी दिसणारी गाठ हळू चालते, काही वेळा पुढे जाऊन त्यातूनच कॅन्सर होतो पण त्याला वर्षं लागतात, म्हणून तिच्यावर पाच वर्षं लक्ष ठेवायचं असतं. वाढतेय का ते बघायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्या मधे घट्ट भाग तयार होतोय का ते बघायचं. तसं काही झालं तर वेळेत काढता येते. डॉक्टर म्हणाले, "बाई, आपण काही करत नाही असं समजू नका, लक्ष ठेवणं हीच तुमची ट्रीटमेंट आहे."

हे एक वाक्य मला मिळालं म्हणून मी उभी राहिले. ते ज्यांना मिळत नाही ते बिचारे कुठे कुठे जातात ते मी बघितलंय. कोणी काढा घेतो, कोणी थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या चालू करा म्हणून मागे लागतो, कोणी पेट स्कॅन (त्यात कॅन्सरची गाठ चमकून दिसते म्हणतात) करायला मुंबईला धावतो. पेट स्कॅन 8 मिलीमीटरच्या खालच्या गाठीला भरवशाचा नाही आणि ग्राउंड ग्लास गाठ तर कितीतरी वेळा त्यात चमकतच नाही, म्हणजे पैसे जातात आणि उलट खोटा धीर मिळतो. "सुई घालून तुकडा काढून टाका ना एकदाचा" हे तर मला लग्नाच्या पंक्तीत पण सांगितलंय लोकांनी. एवढ्या लहान गाठीत सुई नेमकी लागणं कठीण, आणि फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर आली तर वेगळंच दुखणं. अमेरिकेत 53 हजारांवर माणसांची, सगळी खूप वर्षं सिगरेट ओढलेली, एक मोठी तपासणी झाली होती, 2011 मध्ये त्याचा निकाल आला. कमी डोसच्या, म्हणजे कमी किरणांच्या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले, हे केवढं मोठं आहे. पण त्याच तपासणीत ज्यांचा स्कॅन पॉझिटिव्ह म्हणून आला त्यातल्या 96 टक्क्यांहून जास्त ठिकाणी कॅन्सर नव्हता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि गाठवाल्या माणसाला दोन्ही एकदम सांगायला हव्यात, नाहीतर तो एकतर घाबरून मरतो नाहीतर विसरून जातो.

आता माझा खरा मुद्दा. या सगळ्या लक्ष ठेवण्याचा जीव कशात आहे तर तुलनेत. आजचा स्कॅन एकटा काही सांगत नाही, मागच्या स्कॅनच्या बाजूला ठेवला की सांगतो. आणि नेमकं तेच आपल्याकडे पेशंटच्या नशिबावर सोडलेलं असतं.

मधे एकदा माझ्या नेहमीच्या ठिकाणचं मशीन बंद होतं म्हणून दुसऱ्या एका खाजगी सेंटरवर स्कॅन केला. जुनी फाइल बरोबर घेऊन गेले होते, काउंटरवरच्या मुलीने "ती लागत नाही" म्हणून परत दिली. मंगळसूत्र, बांगड्या काढून पुतणीकडे दिल्या, आत झोपले, मशीनमधून तो रेकॉर्ड केलेला आवाज येतो, सांस लीजिए, रोकिए, छोड़िए, पाच मिनिटांत बाहेर. रात्री नऊच्या सुमाराला जेवत असताना मोबाइलवर पीडीएफ आली. गाठ 10 मिलीमीटर. बस एवढंच, मागच्या स्कॅनचा उल्लेखच नाही.

8 ची 10. ऐकायला दोन मिलीमीटर म्हणजे काय, पण गाठ गोल असते, सगळ्या बाजूंनी वाढते, 8 ची 10 झाली तर आतला ऐवज जवळजवळ दुप्पट झाला. हे मला माहीत होतं, म्हणून तर त्या रात्री घरात कोणी बोललं नाही. शनिवार होता, डॉक्टर सोमवारी. मुलगा पुण्याहून निघायला तयार झाला.

सोमवारी डॉक्टरांनी सीडी मागितली तर आमच्याकडे नुसत्या फिल्म. सेंटरला फोन केला, सीडीचे वेगळे पैसे पडतील आणि उद्या या. शेवटी ती मिळाली आणि मोठ्या हॉस्पिटलात एका रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही स्कॅन एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले, मला पण स्टूलवर बसवलं. माउसचं चाक हळूहळू फिरवत त्या वरून खाली येत होत्या, दोन्हीकडची फुप्फुसं एकदम सरकत होती, मग थांबल्या आणि पेनाने दाखवलं, "हा बघा रक्तवाहिनीचा फाटा, इथे दोन वाटा होतात, दोन्ही स्कॅनमध्ये आहे ना? त्याच्या डाव्या अंगाला हा फिकट ठिपका, ती तुमची गाठ." मोजली. आधी 8, आता 8. घट्ट भाग नाही. मग कळलं की त्या सेंटरने स्कॅन 5 मिलीमीटरच्या जाड स्लाइसवर, म्हणजे जाड कापांवर वाचला होता, आधीचे माझे 1 मिलीमीटरचे. फ्रूट केकचा जाड काप घेतला तर मनुका नेमका कुठे सुरू होतो कुठे संपतो ते कसं कळणार, तसंच. शिवाय मॅडम म्हणाल्या की दोन माणसांनी एकच गाठ मोजली तरी एक दीड मिलीमीटर इकडे तिकडे होतंच, म्हणून दोन मिलीमीटरपेक्षा कमी फरकाला सहसा वाढ धरत नाहीत, आणि म्हणूनच एकाच पद्धतीने काढायचं आणि शेजारी लावूनच बघायचं.

ज्या बाईकडे नर्स पुतणी नाही, पाठीमागे लागणारं कोणी नाही, तिचं अशा वेळी काय होत असेल? कदाचित तिच्यावर नको ते ऑपरेशन झालं असतं. किंवा उलट, गाठ खरंच वाढत असताना जुना स्कॅन कोणी न बघितल्यामुळे "8 मिमी, फॉलोअप करावा" असं दर वेळी लिहून दिलं गेलं असतं.

म्हणून माझी आरोग्य खात्याला आणि खाजगी सेंटरवाल्यांनाही हात जोडून विनंती आहे. छातीचा सीटी केला की सगळ्या इमेजेस पेशंटला मिळायलाच हव्यात, मागितल्याशिवाय आणि वेगळे पैसे न घेता, नुसती फिल्म देऊन काही उपयोग नाही. फिल्मवर निवडक चित्रं असतात, त्यावरून मिलीमीटर मोजता येत नाही. तशा आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात फिल्म एकमेकांना चिकटतात आणि सीडीवर पण बुरशी धरते, नवीन लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, तेव्हा पेनड्राइव्ह किंवा लिंक दिली तर उत्तम. (ज्यांच्याकडे सीडी आहेत त्यांनी आजच कोणाकडून तरी कॉपी करून घ्या.) रिपोर्टात मागचा स्कॅन कुठल्या तारखेचा बघितला, तेव्हा किती आता किती, स्लाइस किती जाडीचा, आणि पुढचा स्कॅन कुठल्या महिन्यात हे लिहिलेलं असावं. "फॉलोअप करावा" म्हणजे काय, आम्ही काय समजायचं त्यातून?

आणि कमी डोस. दर वेळी नेहमीचा फुल डोस सीटी करायची गरज नसते, नोड्यूलचा फॉलोअप कमी डोसवर होतो, शिरेतून काँट्रास्टचं औषध द्यायचीही गरज पडत नाही. कमी डोसमध्ये साधारण 1.5 मिलिसिव्हर्ट (किरणं मोजायचं माप) लागतात, नेहमीच्या छातीच्या सीटीत 6-7, आणि निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. म्हणजे भीतीने स्कॅन चुकवण्यासारखं काही नाही, पण जिथे 1.5 मध्ये काम होतं तिथे 7 का घ्यायचे. चिठ्ठीवर लो डोस लिहिलेलं आहे का ते पेशंटने स्वतः बघावं, विचारायला लाजू नये.

गाठ घेऊन जगायचं कसं, असं मला आता ओळखीपाळखीतले विचारतात. एरवी काही वाटत नाही हो. ऑफिस, घर, जत्रा, सगळं चालू असतं. स्कॅनचा महिना जवळ आला की साधा खोकला आला तरी हात छातीवर जातो, हे खरं आहे, आणि ते जात नाही. शेजारीण विचारते "कॅन्सर न्हय मगो?" तर मी सरळ सांगते, नाही, आणि होणारच नाही असंही कोणी लिहून देत नाही, म्हणून तपासत राहते. घरचे दर वेळी म्हणतात चतुर्थी होऊ दे मग कर. मी ऐकत नाही, ठरलेल्या महिन्यातच करते, आणि स्कॅनच्या दिवशीच डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते म्हणजे रिपोर्ट आणि डॉक्टर यांच्या मधे शनिवार रविवार यायला नको. रिपोर्ट मोबाइलवर पाठवूच नका, डॉक्टरांच्या समोर उघडू, असं सेंटरला सांगून ठेवलंय. कोणाला उपयोगी पडलं तर बघा.

आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे भागात खाणीवर, खनिजाच्या ट्रकवर आयुष्य काढलेली माणसं आहेत, घराघरात चुलीच्या धुरात वाढलेल्या बायका आहेत. त्यांनी डॉक्टरांकडे गेल्यावर हे आवर्जून सांगावं, धुळीमुळे पण फुप्फुसात गाठी होतात, आणि डॉक्टर विचारतीलच असं नाही. एआयने यांच्या एक्सरेत खूण केली की यांना सीटीला पाठवतील, सीटीत गाठ दिसली की सहा महिन्यांनी या म्हणतील. सहा महिन्यांनी माणूस आला नाही तर त्याला फोन कोण करणार? खाण बंद, ट्रक विकला, फोन नंबर बदलला, असे किती तरी आहेत. टीबीच्या पेशंटची गोळी चुकली तर आरोग्य केंद्राचा माणूस घरी येतो, आम्ही गावात बघतो ना. तीच माणसं, तीच केंद्रं आहेत. नोड्यूलवाल्यांची एक वही, कॉम्प्युटरवर म्हणा, तालुक्याच्या केंद्रात ठेवली, पुढच्या स्कॅनची तारीख त्यात लिहिली आणि महिनाभर आधी फोन गेला, तर शोधलेली गाठ हरवणार नाही. एआय लावायला जमलं तर हे जमायला काहीच हरकत नसावी.

आपली,
एक वाचक, डिचोली