वॉचमन काका, मेसवाले भाऊ, आभार!

नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या होस्टेलमधले हे दोघं. आम्ही समुपदेशक कार्यशाळांमधून जे सांगत फिरतो, ते यांनी न शिकता केलं.

दोन विषय राहिलेला मुलगा ताट न घेताच परत जातो, हे आधी भाऊंनी हेरलं. बऱ्याचदा झोप, जेवण, आंघोळ आधी सुटते. मार्क नंतर घसरतात. हजेरीपटावर यातलं काही दिसत नाही. भाऊंनी काकांच्या कानावर घातलं. काकांनी रात्री सरळ विचारलं, "काऊन रे, जेवून नाही राहिला? जीव द्यायचा विचार येते का मनात?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलगा मोकळा होतो. उपदेश शून्य. 'आईबापाचा विचार कर' तर नाहीच, त्याने अपराधीपण वाढतं. काकांनी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलणं करून दिलं, रूममेटला उठवलं, पहाटेपर्यंत एकटं सोडलं नाही. सकाळी तर्री पोहे समोर ठेवून म्हणाले, "अर्धेच खा."

ड्यूटी संपल्यावर मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेतही काकाच उभे! नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला सहसा 2 ते 4 आठवडे लागतात आणि पुष्कळ मुलं त्याआधीच त्या सोडतात. इथे भाऊ रोज ताट वाढताना विचारायचे, "गोळी घेतली ना?"