झोपाळ्याला रंग देऊ नका

ती. आई-बाबांना,
सादर नमस्कार.

बाबा, ओसरीवरच्या झोपाळ्याला ऑइलपेंट द्यायचं म्हणत होतात ना? कृपा करून रंगाऱ्याला नको म्हणून सांगा. रविवारी मी संखेड्याला जाऊन आले. आजोबांनी आपला झोपाळा तिथूनच आणला होता.

वडोदऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, ओरसंग नदीकाठचं गाव. २०१३पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होतं, आता छोटाउदेपुरात आहे. त्या बाजूच्या जंगलात साग, म्हणून ही कला इथे रुजली. लाकूड फिरवत ठेवून कातायच्या चरकाला गुजरातीत ‘संघेडो’ म्हणतात, गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. काम करणारे खरादी, म्हणजे आपल्याकडचे कातारी. एका साधूने त्याची सेवा करणाऱ्या गरीब लाकूडतोड्याला ही विद्या दिली, अशी कथाही तिथे ऐकली. आई, तुला ती नक्की आवडेल.

आता सोनेरी नक्षीचं. लहानपणी मी ती नखाने खरवडायचे आणि तू ओरडायचीस, आठवतं? त्यात सोनं नाहीच गं, ते कथील आहे! कथलाचा पातळ पत्रा कुटून सरसात खलतात, त्याने वेलबुट्टी काढतात. वाळली की अकीकाच्या दगडाने घोटतात. इथपर्यंत नक्षी चांदीसारखी पांढरीच असते. मग तिथल्या एका कारागीर काकांनी चरकावर फिरणाऱ्या लाकडी पायावर लाखेची कांडी टेकवली. घासून ऊन झालेली लाख वितळून पसरली आणि माझ्या डोळ्यांदेखत चांदीचं सोनं झालं. वरून केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणली. किती वेळ बघत उभी होते, कळलंच नाही.

हल्ली यंत्रावरही बरंच काम होतं, रंगही हवे ते मिळतात. मला मात्र आपला तो जुना विटकरी लाल आणि सोनेरीच खरा वाटतो. २००७-०८मध्ये संखेडा फर्निचरला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

ऑइलपेंटचा एक हात बसला की ती लाख आणि खालचं कथील कायमचं झाकलं जाईल. सध्या कोरड्या मऊ कापडाने पुसा, ओलं फडकं नको. पाय निघालेत तेवढे दिवाळीत मी घेऊन जाते, काका परत लाख चढवून देतो म्हणालेत. आई, मागच्या दांडीचा निखळलेला मणी तुझ्या बटणांच्या डब्यात आहे ना? तो तेवढा जपून ठेव.

तुमची,
मनू