आमच्या वाड्यावरची शाळा उघडा

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १२ ऑगस्टला मिरामारच्या समाधीवर भाऊसाहेब बांदोडकरांना फुलं वाहिली जातात. त्यांच्या काळात निघालेल्या शाळेत मी शिकलो. त्या शाळेला आज कुलूप आहे, म्हणून हे पत्र.

सत्तरीतला आमचा वाडा तीसेक घरांचा. वडील भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कूळ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले आणि पुढल्या काही वर्षांत वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आम्हाला इमारत नव्हती. वर्ग देवळाच्या मंडपात भरायचा. सावंतवाडीकडून आलेले एकच मास्तर सगळ्या इयत्ता सांभाळायचे. पहिल्या वर्षी पटावर आम्ही अकरा जण. अकरा मुलांसाठी शाळा कशाला, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

१९६४ च्या कूळ कायद्यानं कुळांना संरक्षण दिलं खरं, पण कागद वाचता येत नसेल तर कूळ दाद कशी मागणार? वडिलांच्या नावानं आलेली नोटीस मी तिसरीत असताना चुलीपाशी बसून वाचून दाखवली होती. स्वतः खाणमालक असलेल्या भाऊसाहेबांनी कायदा आणि शाळा दोन्ही एकाच वेळी का हाती घेतलं, ते मला तिथं उमगलं. गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचं त्यांचं म्हणणं १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी नाकारलं, आणि मलाही तो कौल बरोबर वाटतो. पण त्याच लोकांनी अडीच महिन्यांत त्यांना पुन्हा सत्तेवर बसवलं. त्यामागे या शाळाच होत्या, असं मी मानतो.

मुलं कमी झाली, हे मान्य. पण अनुदानित खासगी शाळांना सरकारच बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या, देतं. त्या सकाळी वाड्यावर येऊन मुलं घेऊन जायच्या, आणि आमच्या शाळेत शेवटपर्यंत एकच शिक्षिका होती. पट घसरणार नाही तर काय होणार?

यापुढे कुठलीही शाळा बंद करण्याआधी तो विषय ग्रामसभेपुढे ठेवा. आणि आमची शाळा उघडा. बागायतीत कामाला आलेल्या कुटुंबांची सात मुलं आज वाड्यावर आहेत. त्यांच्याही घरात अजून कुणी पाटीला हात लावलेला नाही. तुम्ही फक्त शिक्षक द्या. इमारत गळत असेल तर देवळाचा मंडप अजून उभा आहे, झाडून घ्यायला आम्ही येऊ.

आपला,
वाड्यावरच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी