माळ्यावरची गिटार फेकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावचा. घरात दोन पॉवरलूम आहेत, दिवसा मागावर असतो आणि रात्री गिटार घेऊन बसतो. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं एक गाणं घरातच रेकॉर्ड केलं. ते करताना जे जे कळलं ते आपल्या भागातल्या पोरांपर्यंत पोचावं असं फार वाटतंय, म्हणून हे पत्र.

गिटार इलेक्ट्रिक, पण माझी नव्हे, मामाची. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचा, नंतर नोकरीला लागला आणि गिटार गेली माळ्यावर. अशी एक गिटार खानापूरपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांत असेल बघा. खाली काढून लावली तर ब्रिजजवळचा (तारा खालच्या टोकाला टेकतात तिथला) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी कॉइल, मुका, मधला करकर करतोय, आणि मानेकडच्यावर नखाने टकटक केलं की स्पीकरमधून तसंच टकटक ऐकू येतंय, आवाज वाढवला की शिट्टी. दुसऱ्या गावच्या एका दुकानात घेऊन गेलो, त्यांनी उघडूनसुद्धा बघितली नाही, म्हणाले ही टाकून द्या, नवीन घ्या. खूप वाईट वाटलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या तारेच्या वाद्यांवर हात फिरवणारे कारागीर आहेत, पण तिथून तीनेक तासांवर असलेल्या आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार बिघडली तर कुणाकडे जायचं हे कुणी सांगू शकत नाही.

शेवटी स्वतःच उघडली. तारा सैल केल्या, पिकगार्डचे (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू काढले, आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला कुठली वायर कुठे आहे त्याचा (हे विसरू नका, नंतर फार डोकं फिरतं). आत बघितलं तर काय, घाम आणि आपल्याकडची पावसाळ्याची ओल, दोन्ही मिळून तांब्यावर हिरवा कळंक चढलेला. मल्टिमीटर लावला, मानेकडचा ५.८ किलोओहम, मधला काटा स्थिर नसल्यासारखा वर-खाली, आणि ब्रिजचा काहीच दाखवेना, म्हणजे आत तार तुटलेली.

पिकअप म्हणजे काय जादू नाही. सहा तारांखाली चुंबक, त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची स्टीलची तार हलली की वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते, तीच अँपमध्ये जाते. ते वेढे मेणात बुडवून घट्ट केलेले असतात, मेण सुटलं की वेढे स्वतःच थरथरतात आणि पिकअप माइकसारखा वागायला लागतो, ती टकटक नि शिट्टी त्याचीच.

मधला आणि मानेकडचा असे दोन नवीन मागवले, साधेच, सिरॅमिक चुंबकाचे. मागवायच्या आधी खांबांमधलं अंतर मोजा, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत ५० मिलिमीटर असतं नाहीतर ५२, चुकलं तर जुन्या कव्हरात बसत नाही. २५ वॅटची सोल्डरिंग गन पुरते. फक्त पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) पाठीवर अर्थची वायर डाखताना धीर धरायला लागतो, धातू नीट तापला नाही तर डाख नुसता गोळी होऊन बसतो, दिसायला चिकटलेला आणि ओढला की सुटतो.

ब्रिजचा मात्र नवीन घ्यायचा नव्हता मला. आपल्या उद्यमबागेत मोटारी वाइंडिंग करणारे एवढे हात आहेत, ते फॅनची कॉइल भरतात, पंपाची भरतात, मग गिटारची का नाही? एका वयस्कर वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो, ४२ नंबरची तार मागितली, त्यांनी दिली, घरी येऊन भरली तर निम्मे वेढे व्हायच्या आधीच बॉबिन भरून गेलं. परत गेलो. काका भिंगातून जुनी तार बघत म्हणाले, "तुला कुठला बेचाळीस पायजे, आमचा का अमेरिकेचा?" तेव्हा कळलं. पिकअपवाल्यांचा ४२ अमेरिकन गेजचा, जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर, आणि आपल्याकडे बाजारात चालतो तो ब्रिटिश गेज, त्यातला ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. आपल्या मापात तो ४६ च्या आसपास येतो. हे मुद्दाम लिहितोय कारण यात माझे पैसे आणि आठ दिवस गेले, दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत. नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

तार भरली आईने. आमच्याकडे कांडी भरायचं (मागासाठी बाण्याचं सूत नळीवर गुंडाळायचं) मशीन आहेच, त्याच्या चातीवर बॉबिन लाकडाच्या तुकड्याने बसवलं, मागाचा जुना मीटर काढून वेढे मोजायला लावला. आई तीस वर्षं कांड्या भरतेय. तार बघून आधी घाबरली, "एवढं बारीक सूत? केस म्हणू का काय म्हणू ह्याला?" पण मी केलं तेव्हा दोनदा तुटली आणि तिच्या हातात एकदाही नाही. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये फ्लॅनेलचा चिंधा, त्यातून तार सरकतेय, आणि नजर बॉबिनवर नाही तर बोटांवर. सैल सोडलं की कांडी फुगते, ओढलं की सूत तुटतं, म्हणाली, हे पण तसंच की. ७,६०० वेढे झाले, मीटरवर ५.९ किलोओहम. मग पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण पाण्याच्या भांड्यावर वितळवून त्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मेण कधीही थेट गॅसवर ठेवू नका, पेट घेतं, आणि ६५ डिग्रीच्या वर नेलं तर प्लास्टिकचं बॉबिन वाकतं.

सगळं जोडल्यावर एकेक पिकअप छान वाजला, पण मधला आणि ब्रिजचा एकत्र लावला की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. दोन कॉइल एकमेकींच्या उलट चालल्या होत्या. आईने भरलेल्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि आवाज भरून आला.

आता रेकॉर्डिंग. गाणं आईवरच आहे, पहाटे ती कांडी भरते त्यावर. आधी एका स्टुडिओत गेलो होतो, तासावर पैसे. तिथल्या माणसाने धृपद ऐकून सांगितलं की "आई कांडी भरालीया" हे बदला, "भरते आहे" करा, नाहीतर लोक हसतील. मी घरी आलो. आमच्या घरात "भरते आहे" असं कुणी कधी बोललं नाही, मग आईच्या गाण्यात ते कसं घालू? घरात केलं म्हणून तो शब्द राहिला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

गाण्याची लय मागाचीच आहे. मोबाईलवर शेजारचा माग रेकॉर्ड करून मोजला, मिनिटाला १३२ ठोके, मेट्रोनोम (लय धरायची टिकटिक) तेवढाच ठेवला. पण तोच माग वैरी पण होता. सिंगल कॉइल पिकअप मोटारीचं चुंबकीय क्षेत्र खेचतो, आपल्या लाइनचा ५० हर्ट्‌झचा गुंजारव सतत मागे. (सेथ लव्हरने गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये दोन उलट्या कॉइलच्या हंबकर पिकअपच्या पेटंटचा अर्ज केला तो हाच आवाज मारायला.) मी गिटार हातात धरून खोलीत गोल फिरून बघितलं, एका कोनात आवाज कमी येतो, पण जात नाही.

गेला तो लाइट गेल्यावर. रात्री अकराच्या सुमाराला धो धो पाऊस, लाइट गेली, गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) यूएसबीवरच चालतो, हेडफोन लावला तर तारेचा आवाज तेवढा, मागे काही नाही. गिटारचे तीनही भाग त्या दीड तासात केले. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही, २४ बिटमध्ये एवढी जागा ठेवली तरी काही बिघडत नाही, वर गेलं तर फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. गायलो दुसऱ्या दिवशी, दोरीवर दोन वाकळा टाकून त्यांच्या कोपऱ्यात उभा राहून, साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून. कंडेन्सर माइक मित्राने दिला होता, ४८ व्होल्टवर चालणारा, त्यात कौलांवरचा पाऊस आणि शेजारचा कुकर दोन्ही आले म्हणून परत केला.

कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ ला आपल्या सुळेभावीत झाला हे आपण प्रत्येक कार्यक्रमात अभिमानाने सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण आज गल्लीतलं एखादं पोर आपल्या बोलीत गाणं करतंय तर त्याला तार कुठे मिळते, सोल्डरिंग कोण शिकवेल, हे कुठेच मिळत नाही. माझी विनंती एवढीच की आपल्या रविवारच्या पुरवणीत चार-पाच ओळींची जागा ठेवा, ज्याला दुरुस्ती येते त्याने कळवावं, ज्याला पाहिजे त्याने विचारावं. उद्यमबागेतले वाइंडिंगवाले, शहापूर-खासबागच्या कांडी भरणाऱ्या बायका, यांच्या बोटांत जे आहे ते या पोरांना माहीतच नाही.

माझ्याकडे ०.०६३ ची अर्धी रीळ शिल्लक आहे. ज्याला पिकअप भरायचा आहे त्याने बॉबिन घेऊन यावं, कांडीचं मशीन रविवारी मोकळं असतं आणि आई तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, वडगाव, बेळगाव