मुक्कामी नावांसाठी तरंगते धक्के बांधा : जलवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, बंदरे व अंतर्देशीय जलवाहतूक विभाग, कर्नाटक सरकार

महोदय, सप्रेम नमस्कार.

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या 111 जलमार्गांत आमच्या घटप्रभा आणि मलप्रभा या दोन्ही नद्या आहेत. पण बेळगाव जिल्ह्यात चार माणसं नावेतच रात्र काढू म्हणाली, तर नाव बांधायची कुठे इथंच अडतं. घटप्रभेवरच्या हिडकलच्या जलाशयावर एक आणि यडूरला कृष्णेवर एक, असे दोन सार्वजनिक मुक्काम-धक्के सरकारने बांधावेत, एवढीच आमची मागणी आहे. फक्त ते सिमेंटचे नकोत, तरंगते हवेत.

दगडी घाटाला नाव बांधली की काय होतं ते पाहा. संध्याकाळी दोर ताणून बांधला. रात्री बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघाले आणि पाणी हातभर उतरलं. नावेचा काठ पायरीवर अडकतो, दुसरी बाजू खाली जाते आणि माणसं झोपेत असतानाच पाणी आत येतं. दोर ढिला सोडला, तर तीच नाव रात्रभर पायऱ्यांवर आपटून तळ फोडून घेते. पाण्यासोबत वरखाली होणारा धक्का असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

यासाठी एचडीपीई या टणक प्लास्टिकचे पोकळ ठोकळे मिळतात : 50 सेंटिमीटर लांब-रुंद, 40 सेंटिमीटर उंच. एका चौरस मीटरला चार लागतात आणि तेवढे साधारण 350 किलो भार पेलतात. 20 मीटर लांब, अडीच मीटर रुंद धक्क्याला 200 ठोकळे पुरतील. दोन मीटर रुंदीवर भागवू नये. दहा-बारा माणसं एका कडेला उभी राहिली की अरुंद धक्का कलतो. नाव बांधायची खुंटी दर तीन मीटरवर हवी, म्हणजे पुढचा-मागचा दोर आणि दोन तिरके दोर नीट बसतात. तिरके दोर नसतील तर वाऱ्यात नाव मागेपुढे सरकत राहते आणि दोर घासून तुटतो.

काठावरून धक्क्यावर येणारा पूल बिजागरीचा आणि किमान आठ मीटर लांब हवा. पाणी दोन मीटर उतरलं तरी त्याचा उतार चारास एक राहतो. चार मीटरचा पूल टाकला तर तोच उतार दोनास एक होईल आणि ओल्या पायाने कुणीही घसरेल. हिडकलला पाणी याहून कितीतरी जास्त उतरतं, म्हणून तिथे धक्का साखळी-नांगरावर ठेवून हंगामात दोन-तीनदा पुढे ओढावा लागेल. त्या कामाला माणूस नेमला नाही, तर जानेवारीनंतर धक्का चिखलात बसलेला दिसेल.

विजेबाबत आमचं कळकळीचं सांगणं आहे : धक्क्यावर 230 व्होल्टची वायर आणू नका. गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सहज वाहते. वायर थोडी जरी गळकी असली तरी पाण्यात उतरलेल्या माणसाचे हातपाय आखडतात, आणि बघणाऱ्याला तो नुसता बुडाला असं वाटतं. सौर पॅनेलवरचे 12 व्होल्टचे दिवे पुरेसे आहेत.

स्वयंपाकाचा ओटा काठावरच असावा. नावेवर ताडपत्री चारी बाजूंनी बांधून आत शेगडी पेटवली, तर कोळशाच्या वायूने माणूस झोपेतच जातो. संडासही काठावरच, पूररेषेच्या वर. हिडकलचं पाणी बेळगाव शहर पितं. नावेतली घाण त्यात जाता कामा नये. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा यडूरच्या धक्क्याला कठडा हवा आणि भांडी धुवायला काठावर नळ हवा.

भाडं नावेमागे रात्रीला दीडशे रुपयांच्या वर नसावं. धक्का चालवायला ग्रामपंचायतीकडे द्या. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची सोय आहेच. राखणदाराने वहीत माणसांची संख्या आणि पुढचा मुक्काम लिहावा, माणशी एक लाइफ जॅकेट पाहावं. पाणी सोडायचं किंवा बरगे काढायचे असतील, तर पाटबंधारे खात्याने त्याला किमान सहा तास आधी फोन करावा. जून ते ऑक्टोबर मुक्काम बंदच. फलक मात्र कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा. धोक्याची सूचना अंधारात, घाईत वाचायची असते.

शेवटची विनंती मोजणीबद्दल. हिडकलची मोजणी भरल्या पाण्यात होडीतून करू नका. मे महिन्यात या. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर येतं, तेव्हा बुडालेल्या भिंती आणि झाडांचे बुंधेही उघडे पडतात. त्यांच्यावर खुणेच्या काठ्या रोवून घ्या आणि मगच धक्क्याची जागा ठरवा.

आपले,
कृष्णा-घटप्रभा काठचे नावाडी आणि नौकाविहारी