मॅडम, माझा प्रश्न तुमच्या वहीत आहे

आदरणीय मॅडम,

एम.एस्सी. संपली, तरी तुमच्या वहीतलं ते एक पान डोळ्यांपुढून जात नाही.

बी.एस्सी.ला वनस्पतींचं वर्गीकरण शिकले ते पिवळ्या पडलेल्या नोट्स उतरवून. त्यात कांदा लिलिएसी कुळात होता, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, शीटवर मात्र अ‍ॅमॅरिलिडेसी. विचारलं तर उत्तर आलं, "परीक्षेत लिलिएसीच लिहायचं." आम्ही निफाडकडची कांदा पिकवणारी माणसं. आपल्याच पिकाबद्दल विचारायचं नाही, हे फार लागलं होतं.

तुम्हाला विचारलं तेही घाबरतच. बेंथम-हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात मांडलेली पद्धत, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली याला त्यांनी दिलेलं महत्त्व, डीएनएच्या आधारे 2009च्या एपीजी या वर्गीकरणाच्या नव्या पद्धतीत कांदा अ‍ॅमॅरिलिडेसीत कसा गेला, सगळं तुम्ही चटकन सांगितलंत. मी धीर करून पुढे विचारलं, "मग अगदी कोवळ्या कळीत, कांद्याचं आणि अ‍ॅमॅरिलिडेसीतल्याच स्पायडर लिलीचं अंडाशय कुठे असतं?"

तुम्ही थांबलात. "हे मी स्वतः कापून पाहिलेलं नाही," म्हणालात, आणि तुमच्या वहीत माझा प्रश्न लिहून घेतलात. तारीख घातलीत. समोर माझं नाव. खाली अर्धं पान कोरं सोडलंत.

मॅडम, तोवर माझं नाव शिक्षकांनी फक्त हजेरीला लिहिलं होतं.

माघात मी घरून डोंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, आणले. लिलीशेजारी ठेवल्यावर मलाच दिसलं: तसाच बिनपानांचा दांडा, टोकाला तसाच छत्रीसारखा गुच्छ, कळ्यांवर तसाच पातळ पापुद्रा. याच गुच्छावरून वनस्पतिशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी 1934मध्येच कांद्याला अ‍ॅमॅरिलिडेसीत आणलं होतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत, आधी नाही. संध्याकाळपर्यंत आपण कळ्या कापत बसलो. माझे छेद फाटले, तुमचेही दोन फाटले आणि तुम्ही तिसरी कळी उचललीत.

विद्यापीठातल्या शिक्षकानं संशोधन करत राहावं ते यासाठी. बढतीपुरते पेपर मोजणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. ज्याचे स्वतःचे छेद अजून फाटतात, तो विद्यार्थ्याच्या प्रश्नावर चिडत नाही. असा चांगुलपणा मला आधी भेटला असता, तर तीन वर्षं मी गप्प बसले नसते.

यंदाही डोंगळे लावतोय. पहिल्या कळ्या तुमच्याकडे पाठवते. ते अर्धं पान अजून कोरं आहे ना?

तुमची विद्यार्थिनी